नवा पत्रा, जुनी गाडी

जुन्या वस्तूची डागडुजी करताना माणूस आपल्या मनाचीही थोडी परीक्षा देत असतो. घराचे कुजलेले वासे बदलावेत की टेकू देऊन तेच राखावेत, आजोबांच्या आरामखुर्चीला नवा पाय बसवला तर ती आजोबांचीच राहते काय, असे प्रश्न आपल्या कुटुंबांतूनही उद्भवतात आणि बहुधा घाईघाईत निकालात काढले जातात. या प्रश्नाचा सावकाश विचार करण्याची संधी मला मिळाली ती एका अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या कोठारात, एका जुन्या पिकअप गाडीच्या शेजारी लाकडी खोक्यावर बसून मी त्या संधीचा लाभ घेतला.

२०१७ च्या उन्हाळ्यात तेथील एका खेड्यातले धर्मगुरू दीर्घ रजेवर गेले असता त्यांच्या जागी तीन महिने काम करण्यासाठी मी गेलो होतो. क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन, मधूनच एखादे घर, आणि रविवारी मिस्सेला येणारी शे-सव्वाशे माणसे असा तो धर्मग्राम होता. त्यांपैकी साठी ओलांडलेला एक शेतकरी मला संध्याकाळी जेवणासाठी घरी नेत असे. जेवण आटोपले की आम्ही कोठारात जात असू. तेथे त्याच्या वडिलांची १९५१ सालची शेवरोले गाडी सुटे भाग करून मांडून ठेवलेली होती.

या गाडीविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर शेवरोले कंपनीने १९४७ साली मालवाहू गाड्यांची एक नवी मालिका बाजारात आणली. गोलसर बॉनेट, फुगीर मडगार्ड, ऐसपैस केबिन आणि मागे लाकडी फळ्यांचा तळ असलेला हौदा अशी तिची धाटणी होती. १९५५ च्या आरंभापर्यंत या गाड्या बनत राहिल्या. अर्धा टन वजनाच्या वर्गातील पिकअपला ३१०० हा क्रमांक होता. शेवरोले हे नाव मुंबईकरांनाही परके नव्हते. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढून तेथे या नावाच्या मोटारी आणि ट्रक जोडण्यास प्रारंभ केला होता, आणि तो कारखाना १९५४ साली बंद झाला. आयोवातील त्या शेतकऱ्याच्या वडिलांनी मात्र आपली गाडी शेजारच्या गावात घेतली, तिच्यातून दुधाचे कॅन वाहिले, वासरे वाहिली, आणि रविवारी धुऊनपुसून तिच्यातूनच कुटुंबाला चर्चला नेले.

थंड मुलुखात गाडीचा खरा शत्रू इंजिनात नसतो, तो पत्र्यात असतो. हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. तो खारट चिखल मडगार्डच्या आतल्या कोनात, दाराखालच्या पट्टीत आणि केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत जाऊन बसतो, महिनोन् महिने ओला राहतो आणि पत्रा आतून खात जातो. बाहेरून रंगावर एक फोड दिसतो. तो फोडला की बोट आरपार जाते. या गाडीचे दोन्ही कोपरे असेच गेले होते. उजवे मडगार्ड खालून चाळणी झाले होते. डाव्या मडगार्डचा खालचा वीतभर भाग गेला होता, पण वरचा भाग शाबूत होता. आणि त्या वरच्या भागावर नारळाच्या करवंटीएवढा एक पोचा होता.

तो पोचा याच शेतकऱ्याने बारा वर्षांचा असताना पाडला होता. वडिलांनी त्याला शेतात गाडी शिकवली आणि पहिल्याच दिवशी त्याने ती फाटकाच्या खांबावर घातली. वडील रागावले नाहीत. पुढे अनेकदा संधी असूनही त्यांनी तो पोचा काढून घेतला नाही. विचारले की म्हणत, “राहू दे, तो तुझा दाखला आहे.”

अशा गाडीला नवा पत्रा मिळवण्याचे तीन मार्ग असतात. पहिला म्हणजे मूळ कंपनीने त्या काळी बनवलेला, पण न वापरता एखाद्या गोदामात पडून राहिलेला भाग. तो क्वचित मिळतो आणि त्याची किंमत ऐकूनच माणूस मागे फिरतो. दुसरा मार्ग म्हणजे कोरड्या, वाळवंटी राज्यांतल्या भंगारातून तशाच दुसऱ्या गाडीचा भाग कापून आणणे. तिसरा आणि आज सर्वाधिक वापरात असलेला मार्ग म्हणजे जुन्या भागावरून नवा साचा करून काढलेली नक्कल. असे बरेच पत्रे तैवानमध्ये बनतात आणि काळा अस्तराचा रंग लावून खोक्यातून घरपोच येतात. नक्कल ज्या नमुन्यावरून केली तो नमुनाच कधी झिजलेला, वाकलेला असतो. त्यामुळे नव्या पत्र्याच्या कडा मूळच्याइतक्या धारदार उठत नाहीत, उठावाची रेघ जरा बोथट येते, एखादे बोल्टचे भोक सूतभर इकडेतिकडे असते.

उजवे मडगार्ड असेच खोक्यातून आले. ते चढवण्याच्या कामी मीही हातभार लावला. म्हणजे बॅटरी धरून उभा राहिलो. तीन संध्याकाळी गेल्या तरी ते बसेना. वरच्या बाजूला दार आणि मडगार्ड यांच्यातील फट बोटभर रुंद, तर खाली पत्र्याला पत्रा घासतो. शेतकरी संतापून म्हणाला, “फादर, पैसे फुकट गेले. हा माल खोटा आहे.” कानशीने भोके मोठी करावीत, हातोडीने कड मुडपावी आणि उरलेली उणीव लांबी भरून झाकावी, असा त्याचा विचार झाला. लांबी भरून रंग मारला की कोणतीही फट सरळ दिसते.

चौथ्या दिवशी गावातला एक म्हातारा पत्राकाम करणारा सहज डोकावला. त्याने नव्या मडगार्डकडे पाहिलेही नाही. तो वाकून केबिनखाली गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, “तुझी केबिनच एका अंगाला बसली आहे.” चॅसिस आणि केबिन यांच्यामध्ये जी रबरी बैठक असते ती कुजून चेपली होती, दाराच्या बिजागऱ्या झिजून दार लोंबले होते. सहासष्ट वर्षांत जुने मडगार्ड त्या वाकडेपणाशी जुळवून घेत स्वतः वाकडे झाले होते. नवे मडगार्ड सरळ होते म्हणूनच ते बसत नव्हते. या कामाला एक क्रम आहे, असे त्याने समजावले. प्रथम केबिन चॅसिसवर सरळ बसवायची, मग दारे केबिनशी जुळवायची, मग मडगार्ड दारांशी, आणि सर्वांत शेवटी बॉनेट. हे सारे रंग देण्यापूर्वी कोरडे जोडून पाहायचे, जेथे उणे तेथे पातळ पॅकिंग घालायचे, आणि मनासारखे जुळले की पुन्हा सगळे उतरवून मग रंगाला हात घालायचा.

केबिन सरळ केल्यावर फट पुष्कळ सुधारली. पूर्ण नाही, कारण नव्या पत्र्यातही दोष होताच, आणि एक भोक कानशीने वाढवावेच लागले. दोष दोघांकडे होता, पण आमचे बोट एकाकडेच गेले होते. घरात नवी सून आली, संस्थेत नवा माणूस आला की तो बसत नाही म्हणून आपण किती लवकर त्याला ठोकू लागतो! आपली जुनी चौकट कधीपासून कलली आहे हे खाली वाकून कोण पाहतो?

केबिनच्या कोपऱ्यांचे काम याहून निराळे होते. मडगार्ड बोल्टने बसते. उद्या नको वाटले तर काढता येते. कोपरा मात्र कापून काढावा लागतो आणि नवा तुकडा वेल्डिंगने जोडावा लागतो. तेथे मागे फिरता येत नाही. नवा तुकडा जुन्या पत्र्यावर चढवून कडेने जोडणे सोपे. परंतु त्या दोन पदरांमध्ये पाणी साचते, आत राहिलेला गंज आपले काम चालूच ठेवतो आणि थोड्याच हिवाळ्यांत नव्या तुकड्यासह सारे खाऊन टाकतो. म्हणून गंजलेला भाग निरोगी पोलाद लागेपर्यंत कापायचा आणि नवी कड जुन्या कडेला समोरासमोर भिडवायची. सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने पत्रा लाटेसारखा वाकतो. म्हणून दूरदूर एकेक टाका मारायचा, निवू द्यायचा, मग मधल्या जागी दुसरा. हे अत्यंत संथ काम आहे.

हे पाहताना जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावण्याविषयीचा प्रभू येशूचा दाखला मला आठवल्यावाचून राहिला नाही. इतकी वर्षे मी त्यावर प्रवचने दिली. परंतु गंजून कागदासारख्या झालेल्या पत्र्याला वेल्डिंगची ज्योत लागताच तो कसा विरघळून भोक मोठे होते हे प्रत्यक्ष पाहिले तेव्हा तो दाखला मला नव्याने उमगला. नव्याला आधार द्यायला जुन्यात काहीतरी निरोगी उरलेले असावे लागते. ते कोठे सुरू होते हे शोधण्यासाठी कापावे लागते. ममतेपोटी कमी कापले तर सांधा टिकत नाही, आणि सोयीसाठी जास्त कापले तर जपण्याजोगे काही उरत नाही.

मग प्रश्न येतो तो असा, की इतके सारे बदलल्यावर ही गाडी वडिलांचीच राहिली काय? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना थीसियसच्या जहाजाची कथा आम्हाला सांगितली जाई. प्लुटार्कने लिहून ठेवले आहे, की अथेन्सच्या लोकांनी आपल्या या वीराचे जहाज स्मारक म्हणून राखले. फळी कुजली की ते नवी घालीत. अखेर ते तेच जहाज की दुसरे, यावर तत्त्वज्ञांमध्ये दोन तट पडले. सतराव्या शतकात टॉमस हॉब्सने त्यात भर टाकली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचेच दुसरे जहाज उभे केले तर खरे कोणते? कोठाराच्या भिंतीशी रचलेल्या गंजक्या पत्र्यांच्या ढिगाकडे पाहिले की हा प्रश्न मला पुस्तकी वाटेनासा होई.

ॲरिस्टॉटलच्या परंपरेत वाढलेला विद्यार्थी म्हणेल, की वस्तूची ओळख केवळ द्रव्यावर ठरत नाही. तिच्या घडणीवर, रूपावर ठरते. कायद्याचे उत्तर आणखी सोपे आहे. या गाडीच्या डाव्या दाराच्या खांबावर क्रमांकाची एक लहान पट्टी आहे. त्या क्रमांकाशी खोटेपणाने छेडछाड करणे हा तेथे गुन्हा आहे. आणि तो क्रमांक अबाधित असेल तर सभोवतालचा पत्रा कितीही बदला, कागदोपत्री गाडी तीच. ही दोन्ही उत्तरे आपापल्या जागी योग्य आहेत. परंतु त्या शेतकऱ्याला जे विचारायचे होते ते यांपैकी कोणत्याच उत्तरात नव्हते, आणि ते पुढे एका व्यवहारातून बाहेर आले.

त्याच्या पत्नीच्या शस्त्रक्रियेचे कर्ज डोक्यावर होते. मुले शहरात स्थायिक झालेली; जुन्या गाडीत कुणाला रस नव्हता. म्हणून काम पूर्ण झाले की गाडी विकायची असे जड मनाने ठरले होते. एका परिचिताने गिऱ्हाईक आणण्याचे कबूल केले आणि सोबत सल्लाही दिला: “घराण्यातली, एकाच मालकाची गाडी आहे एवढेच सांग. ते खरेच आहे. पत्रे बदलले का, असे त्याने विचारले नाही तर तू कशाला बोलतोस?” मूळ पत्र्यांची गाडी आणि नकली पत्र्यांची गाडी यांच्या किमतीत हौशी लोकांच्या बाजारात मोठे अंतर पडते.

शेतकऱ्याने मला विचारले, “फादर, न विचारलेले न सांगणे हे खोटे बोलणे होते काय?”

मी त्या रात्री चुकीचे उत्तर दिले, हे येथे कबूल केले पाहिजे. मी म्हणालो, की नवे कोपरे जुन्यांपेक्षा भक्कम आहेत, घेणाऱ्याचे नुकसान होत नाही, उलट लाभच आहे. विचारले तर खरे सांगा. न विचारल्यास तुमच्यावर बंधन नाही. त्या बाईंचे आजारपण माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मला दयाळू व्हायचे होते.

खोलीवर परतल्यावर झोप येईना. संत थॉमस ॲक्विनस यांनी तेराव्या शतकात याच प्रश्नाचा ऊहापोह केला आहे हे आठवले. विकणाऱ्याने वस्तूचा दोष सांगितलाच पाहिजे काय? त्यांचे उदाहरण एका डोळ्याच्या घोड्याचे आहे. दोष उघड असेल आणि विकणाऱ्याने त्या मानाने किंमत कमी केली असेल, तर तो दोष ओरडून सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. परंतु दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोहोचणार असेल, तर गप्प राहण्याची मुभा नाही. मी मजबुतीचा विचार केला होता. किमतीचा केला नव्हता. घेणारा जे जादा पैसे मोजणार होता ते पोलादासाठी नव्हतेच, १९५१ सालच्या पोलादासाठी होते. आणि रंगाखाली गेलेला सांधा हा घोड्याच्या डोळ्यासारखा समोरून दिसत नाही. आपण सांगितल्याशिवाय ते समजण्याचा मार्ग ज्याला नाही, त्याच्यापुढचे मौन हे निव्वळ मौन राहत नाही.

इमारतींच्या जतनाविषयी १९६४ साली व्हेनिस येथे जाणकारांनी जी सनद तयार केली, तिच्यातही हेच सूत्र आहे. गहाळ झालेला भाग नव्याने बसवताना तो एकंदर रचनेशी सुसंगत असावा, पण मूळ भागापासून ओळखूही यावा, म्हणजे इतिहासाचा पुरावा खोटा ठरणार नाही. त्या सनदेपासून स्फूर्ती घेऊन जुन्या वाहनांसाठीही ट्युरिनची सनद तयार झाली आणि तिला २०१३ साली मान्यता मिळाली. सुसंगत असावे आणि ओळखूही यावे, या दोन अटी प्रथमदर्शनी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. परंतु पहिली अट वस्तूवरचे प्रेम सांगते आणि दुसरी पुढच्या माणसाबद्दलचा आदर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, “काल मी तुम्हाला चुकीचे सांगितले.” तो कॉफीचा पेला खाली ठेवून हसला. “फादर, तुम्ही गेल्यावर मलाही झोप लागली नाही. तुमचे उत्तर फारच सोयीचे होते.”

त्यानंतर त्याने दोन गोष्टी केल्या. डाव्या मडगार्डसाठी मागवलेला नवा पत्रा त्याने पूर्ण बसवलाच नाही. त्याचा फक्त खालचा वीतभर तुकडा कापून जुन्या मडगार्डच्या कुजलेल्या भागाच्या जागी जोडला, आणि वरचा पोचा तसाच ठेवून त्यावर हिरवा रंग दिला. दुसरी गोष्ट अशी, की एका वहीत त्याने सुबक अक्षरांत यादी लिहिली: उजवे मडगार्ड नवे, नक्कल, दोन्ही कोपरे नवे, जोडलेले, डावे मडगार्ड जुने, खाली तुकडा, दारे, बॉनेट आणि छप्पर मूळचे. प्रत्येक कामाची छायाचित्रे त्यात चिकटवली. शेवटच्या ओळीत लिहिले: पोचा माझा, वय बारा. ती वही त्याने गाडीच्या खणात ठेवून दिली.

आलेल्या गिऱ्हाइकाने वही चाळली, आभार मानले आणि तो निघून गेला. मी परत येईपर्यंत गाडी विकली गेली नव्हती. पुढच्या नाताळात त्याचे पत्र आले, की गाडी गेली. अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी पैशांना गेली, आणि कर्ज अजून फिटायचे आहे. सचोटीचे बक्षीस तत्काळ मिळते असे मी प्रवचनात कधी सांगितले असेल, तर ते मी येथे मागे घेतो.

परंतु त्या पत्रात आणखी एक ओळ होती. नव्या मालकाने पोचा काढायचा का, असे फोन करून विचारले होते, आणि वही वाचल्यावर स्वतःच नको म्हणाला होता.

वाचक हो, ही गाडी तीच राहिली काय, या प्रश्नाचे उत्तर मला त्या ओळीत मिळाले. वस्तू टिकते ती थोडी तिच्या द्रव्यात, थोडी तिच्या घडणीत. आणि उरलेली ती तिच्याविषयी दिलेल्या खऱ्या साक्षीत टिकते. नवा पत्रा लावण्यात खोटेपणा नाही. काळ पोलाद खातो तसा तो आपल्यालाही खातो, आणि आपल्या घराण्यांना, आपल्या संस्थांना, आपल्या स्वभावालाही नवे तुकडे जोडावेच लागतात. ते जोडताना गंज झाकला नाही ना, चौकट तपासली ना, आणि काय नवे व काय जुने हे आपल्यामागून येणाऱ्याला सांगून ठेवले ना, एवढे पाहावे. राहिलेला एखादा पोचा राहू द्यावा. तो आपला दाखला असतो.